घडीवर कापा

कोरड्या पुलावर दर शनिवारी
ओतार गाडीच्या बॉनेटवर पुस्तकं मांडतो.
पदकं, कॅमेरे, काचेचे पेले शेजारच्यांचे.
त्याच्याकडे फक्त कागद,
आणि वाऱ्यासाठी चार धोंडे.

“शिवणाचं? तीन आहेत. तिन्ही उत्तम.”
जन्मात त्याने बटण लावलेलं नाही
हे त्याच्या कोटावरूनच दिसत होतं.

पहिलं रशियन, विटकरी, उशाला घेण्याएवढं जाड.
शाळेत घोकलेली ती भाषा मला अजून येते,
तेक्लेला येत नाही, तिला शिकायचीही नाही.
सगळं सूत्रांत: छातीचा घेर भागिले आठ,
अधिक एवढं, वजा तेवढं.
शेवटचं प्रकरण मात्र बापाच्या कोटातून
पोराचा कोट कसा काढावा याचं.
ते मी उभ्या उभ्या वाचून काढलं.
वीज नसायची त्या हिवाळ्यांत
आईने मेणबत्तीशी बसून हेच केलं होतं,
कुठलंही पुस्तक न उघडता.

दुसरं जर्मन. गुळगुळीत.
पाठच्या खिशात कागदी नकाशा,
रेषांवर रेषा, जंक्शनातल्या रुळांसारख्या.
फोटोंतल्या बाया समुद्राकडे बघतायत.
शिवताना एकही दिसत नाही.

तिसऱ्याला मुखपृष्ठच नव्हतं.

मी तिन्हींत एकच पान शोधत होते.

तेक्लेचा डावा खांदा उजव्याहून उतरता आहे.
दुकानातला कुठलाही शर्ट
तिच्या अंगावर तासाभरात रुसतो,
गळा एकीकडे, बटणपट्टी भलतीकडे.
मेमध्ये शाळेची शेवटची घंटा.
त्या दिवशी सगळी पोरं पांढरे शर्ट घालतात
आणि एकमेकांच्या पाठीवर पेनाने लिहितात.
ती म्हणते, मी जाणार नाही. गर्दी असते.
गर्दीचं तिला कधीच काही वाटलेलं नाही.

आणि पुस्तकं काय म्हणतात?
कापड दुमडा. अर्धा माणूस काढा.
घडीवर कापा, उलगडा,
उरलेला अर्धा आपोआप येतो.
सगळ्यांनाच काही
घडीवर कापलेलं नसतं, हे लिहिणाऱ्यांच्या
गावीही नाही.

तिसऱ्यात, बाहीच्या मुंड्याच्या आकृतीशेजारी
समासात पेन्सिल होती. बारीक, घाईचं, जॉर्जियन अक्षर:

*वख्तांगला उजवीकडे दीड सेंमी.
घडी घालू नये, दोन्ही बाजू वेगळ्या बेताव्या.
त्याला उभं राहायला सांगावं.
सरळ उभं राहा, म्हणू नये.*

मी पान मिटलं. परत उघडलं.
सरळ बस. सरळ चाल. खांदा वर घे गं.
किती वर्षं?

“आठ लारी,” ओतार म्हणाला.
मग पुस्तक हातात घेऊन त्याने चाळलं,
आणि प्रामाणिक माणसासारखा ओशाळला:
“कुणीतरी खरडलंय यात. सहा द्या.”
मी निर्लज्जपणे सहा दिले.

घरी जुन्या चादरीचा कच्चा शर्ट बेतला.
तेक्ले दिव्याखाली उभी राहिली
आणि सवयीने ताठ झाली,
मानेची शीर दिसेपर्यंत.
माझ्या तोंडात सात-आठ टाचण्या होत्या.
बरंच झालं.
रस्त्यावरून एक बस गेली. तिने विचारलं,
“काय बघतेस?” मी मान हलवली.
दुसरी बस गेली.
मग खांदा हळूच
आपल्या जागी उतरून बसला
आणि मी तिथे पहिली टाचणी लावली.

पेन्सिल सापडेना, म्हणून पेनाने,
वख्तांगच्या खाली:
तेक्ले. डावीकडे. अडीच.

“कव्हर कुठेय याचं?” तिने विचारलं.
“नव्हतंच.”
“मग नाव काय पुस्तकाचं?”
मला माहीत नव्हतं. अजूनही नाही.
“हात वर कर,” मी म्हटलं,
“काखेत बघू दे.”